घरापर्यंतचा जुगाड : गाडी वाटेत अडली तर काय चालतं, काय जीवावर बेततं

नागपूर (ग्रामीण) : भिवापूर-कुहीच्या मिरचीच्या वावरात जाणारा कास्तकार असो, काटोल-नरखेडच्या संत्राबागेत तोडाईला निघालेला मजूर असो, की मौद्याकडे धानाच्या बांधीत रोवणीला जाणारे नवरा-बायको असोत, सगळ्यांचा भरवसा एका दुचाकीवर असतो. ती नेमकी पांदण रस्त्यावर बंद पडते. गॅरेज पाच-दहा किलोमीटर दूर असतं. जवळ एक पक्कड, थोडी बायंडिंग तार आणि सुतळी असते. मग जुगाड सुरू होतो.

जुगाडात लाजण्यासारखं काही नाही. पण चौकातला मिस्त्री तार गुंडाळून देताना एक वाक्य हमखास बोलतो, "भाऊ, घरापर्यंत जाते. उद्या घेऊन येजो." आपण त्यातलं पहिलं वाक्य ऐकतो, दुसरं विसरतो. उद्याचं पेरणीवर जातं, पेरणीचं डवरणीवर, डवरणीचं दिवाळीवर. घरापर्यंत बांधलेली तार वर्षभर तशीच राहते आणि एक दिवस मागे लेकरू बसलेलं असताना सुटते.

आधी एक प्रश्न विचारा

कोणताही जुगाड करण्याआधी स्वतःला विचारा : हा जुगाड वाटेत सुटला तर काय होईल? गाडी बंद पडेल, की गाडी थांबणारच नाही?

गाडी फक्त बंद पडणार असेल, तर घरापर्यंत जायला हरकत नाही. प्लग, पेट्रोलचा कचरा, क्लच केबल, पंक्चर ही कामं यात येतात. पण ब्रेक, हँडल, चाकाचा एक्सल, अडकणारा एक्सलेटर आणि पेट्रोलची गळती यांत जुगाड चुकला तर माणूस जातो. तिथे गाडी ढकला, कोणाच्या तरी अंगणात उभी करा आणि दुसऱ्याच्या गाडीवर या.

आपली गाडी कार्ब्युरेटरची आहे की इंजेक्शनची, हेही माहीत असू द्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला, त्यानंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत. जुन्या गाडीवरचे अर्धे जुगाड या गाड्यांवर चालत नाहीत.

गाडी सुरूच होत नाही

पाना हातात घेण्याआधी चार गोष्टी पहा. लाल किल-स्विच कोणी दाबलाय का? साइड स्टँड खाली आहे का? नव्या अनेक गाड्या स्टँड खाली असला की सुरू होत नाहीत. पेट्रोल आहे का? कॉक रिझर्व्हवर आहे का?

गाडी दोन-तीन किलोमीटर चालून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते, असं होत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. झाकण हरवलं म्हणून चिंधी आणि पन्नी बांधणाऱ्यांच्या गाडीत हेच होतं. शिवाय पेट्रोलने भिजलेली चिंधी म्हणजे मांडीजवळ ठेवलेला काकडाच. नवं झाकण फार महाग नाही.

पेट्रोल आहे पण गाडी घेत नाही, तेव्हा प्लग काढा. इंजिन गरम असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. प्लगचा रंग बरंच सांगतो :

- फिकट तपकिरी : प्लग ठीक आहे.
- कोरडा काळा, काजळीसारखा : पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर बुजलाय.
- पेट्रोलने ओला : ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल ओव्हर झालंय.
- तेलकट काळा : इंजिन ऑईल वर येतंय. हे मिस्त्रीचं काम आहे.

पॉलिश पेपरने टोक हलकं घासा, फडक्याने पुसा, फुंकून कोरडं करा. गॅप मोजायला काही नसेल तर हॅकसॉ ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज येतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. प्लग परत बसवताना आधी हाताने फिरवा, नंतर पाना लावा. आडवा आटा चढवून जोर केला तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि छोटं काम मोठ्या खर्चात जातं. ठिणगी बघायची असेल तर टाकीचं झाकण बंद ठेवा, सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या.

पावसात बंद पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा प्लगच्या कॅपमध्ये ओल गेलेली असते. कॅप काढून आतबाहेर कोरडी पुसली की काम होतं.

नाल्याच्या पाण्यात बंद पडली तर

इथे घाई सर्वात महाग पडते. इंजिनात पाणी शिरलेलं असताना किक किंवा सेल्फ मारला, तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी हवेसारखं दबत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, प्लग बाहेर असतानाच आठ-दहा किक मारा. आतलं पाणी भोकातून उडून जाईल. मग एअर फिल्टर आणि इंजिन ऑईल पहा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि सखल वस्त्यांत पाणी शिरलं. तसं पाणी गाडीवरून गेलं असेल तर सकाळी उठून पहिली किक मारायची नाही, हा धडा लक्षात ठेवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका, मग पाणी घोट्याएवढं का दिसेना.

पंक्चर : बाभळीचा काटा आणि तणसाचा टायर

आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर पंक्चर नाही, व्हॉल्व्हची पिन ढिली आहे. ती घट्ट करा आणि वर टोपी लावा.

खरंच पंक्चर असेल आणि किट असेल तर टायर खोला. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवा. काटा आतच राहिला तर नवा पॅच अर्ध्या तासात जातो. टायर उचकवायला पेचकस वापरला की ट्यूबला दुसरं भोक पडतं. जुन्या चमच्याची गुळगुळीत दांडी त्यापेक्षा बरी, लिव्हर सर्वात बरा.

किट नसेल तर गावाकडे दोन उपाय चालतात. पहिला, गळणारा भाग रबराच्या पट्टीने करकचून बांधून ट्यूबमध्ये हवा भरणे. दुसरा, टायरमध्ये तणस किंवा बारदाना ठासणे. दोन्ही उपाय माणसाच्या चालीच्या वेगानेच चालतात. मागे कोणी बसवायचं नाही आणि डांबरी हायवेवर यायचं नाही. त्यापेक्षा गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बाजूने चालत नेणं सोपं. रिकाम्या टायरवर बसून नेली तर व्हॉल्व्ह तुटतो, रिम वाकते.

ट्यूबलेस टायरला खिळा लागला आणि हवा हळूहळू जात असेल, तर खिळा तिथेच राहू द्या आणि हवा भरत दुकान गाठा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर तिथे स्ट्रिप टिकत नाही.

टायर कापला गेला की पंक्चरवाला आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, लावून देतो. गेटर लावलेलं चाक पुढे ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रस्ता त्याहून तापतो. अशात गुळगुळीत टायर आणि गेटर ही जोडी फुटायला वेळ लागत नाही.

क्लच आणि एक्सलेटरची केबल

क्लचची केबल बहुतेक लिव्हरजवळच्या टोकाला तुटते. टोकाची तार शिल्लक असेल तर स्क्रू-निपल लावून काम भागतं. ते दुकानात सुटं मिळतं, डिक्कीत ठेवायला हरकत नाही.

तेही नसेल तर बिनक्लचचं घरी जाता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा, पायाने ढकलत थोडी गती द्या आणि हलकेच पहिला गिअर टाका. पुढचा गिअर टाकताना एक्सलेटर पूर्ण सोडा. थांबायच्या आधीच न्यूट्रल करा. हे रिकाम्या रस्त्यावर आणि एकट्याने करायचं. बाजाराच्या दिवशी गर्दीत नाही.

एक्सलेटरच्या केबलचं गणित वेगळं आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगचा स्क्रू फिरवून आरपीएम थोडा वाढवता येतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घर गाठता येतं. पण तुटकी तार बोटाला गुंडाळून ओढत चालवू नका. तार अडकली तर रेस कमी होत नाही. इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंग कंट्रोल युनिट ठरवतं, तिथे स्क्रूचा उपाय नाही.

चेन

चेनचं लॉक पडलं की लोक तिथे तार गुंफतात. घरापर्यंत, हळू, एकटं, इतकंच. खिळा घालू नका, तो वाकतो आणि कव्हरमध्ये अडकतो. नवं लॉक बसवताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा. उलटं बसवलं तर क्लिप निघून जाते.

सैल झालेल्या चेनची एक कडी कमी करून घेणं हा सगळ्यात चालणारा जुगाड. त्याने चेन घट्ट वाटते, पण ताणलेली चेन घासलेल्या दातांवरून उडी मारतेच. चालत्या गाडीत चेन उतरून अडकली तर मागचं चाक जागेवर जाम होतं. दात शार्कच्या पंखासारखे वाकडे आणि टोकदार दिसले की चेन आणि दोन्ही चक्र्या एकदम बदला. खालच्या बाजूला मधोमध बोटाने हलवल्यावर चेन साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. अगदी ताठ चेनही वाईट.

चेनला जळालेलं इंजिन ऑईल टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. उमरेड-सावनेरकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ आणि वावरातली काळी माती त्यावर बसली की त्याचा घासकागद होतो. चेन रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने धुवा, पुसा, ९० नंबरचं गिअर ऑईल थेंबथेंब टाका आणि जास्तीचं पुसून घ्या. ब्रश लावताना इंजिन बंदच असलं पाहिजे. चालू इंजिनात चाक फिरत असताना चेन पुसताना बोटं गेल्याचे प्रकार होतात.

ब्रेक : इथे जुगाड नाही

ब्रेक शू संपले की शूच्या टोकाला पत्र्याची पट्टी घालून ते 'उचलून' देतात. ब्रेक लागतो, पैसे वाचतात. पण झिजलेल्या शूवर कॅम जास्त फिरतो. एका जोरदार दाबात तो पालथा पडला तर चाक जाम होतं, किंवा ब्रेक परत सुटत नाही. पट्टी सरकली तर ब्रेकच लागत नाही. ड्रमच्या प्लेटवर बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत आला की शू संपले समजा. ब्रेक शू बदलायचा खर्च दवाखान्याच्या एका चकरेपेक्षा कमी आहे.

ब्रेकच्या रॉडची पिन पडली तर तिथे तार घालून घर गाठणारे पुष्कळ. ते करू नका. मागचा ब्रेक गेला असेल आणि पुढचा चांगला असेल, तर पहिल्या गिअरमध्ये पायी चालीने जा. दोन्हीवर भरवसा नसेल तर गाडी ढकला.

डिस्क ब्रेकच्या गाडीत आणखी एक चूक होते. ब्रेक ऑईल कमी झालं म्हणून इंजिन ऑईल किंवा साबणाचं पाणी टाकतात. इंजिन ऑईलने आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक जाम होतो. पाणी तापून वाफ झाली की लिव्हर रिकामा दाबला जातो. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं आहे. कॉम्बी ब्रेकमध्ये मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. 'जड लागते' म्हणून ती जोडणारी केबल काढून टाकू नका. चिखलाच्या उतारावर तीच सांभाळते.

चिखलातून किंवा नाल्यातून निघाल्यावर ड्रममध्ये पाणी असतं. मुख्य रस्त्याला लागण्याआधी हळू चालवत दोन-चारदा ब्रेक हलका दाबून सुकवा.

पेट्रोल गळतंय

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहत असेल तर कॉक बंद करा आणि पेचकसच्या मुठीने फ्लोटच्या वाटीवर हलक्या टिचक्या मारा. कचऱ्याने अडकलेली सुई बहुतेक सुटते.

टाकीला बारीक भोक पडलं तर कपडे धुण्याचा साबण कोरडाच घासून त्यात भरा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून घरापर्यंत टिकतो. एम-सीलही चालतं, पण टाकी त्या पातळीच्या खाली रिकामी करून, जागा कोरडी घासून आणि सुकायला वेळ देऊन. टाकीला वेल्डिंग मात्र गावात करून घेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा भरलेली असते. एक ठिणगी पुरते.

पेट्रोल पाइपच्या जागी दवाखान्यातली सलाईनची नळी लावायची चाल जुनी आहे. ती पारदर्शक दिसते, मऊ असते, फुकट मिळते. पण पेट्रोलने ती काही दिवसांत कडक होते, तडकते आणि खाली गरम इंजिन असतं. इंजेक्शनच्या गाडीत तर पंप पेट्रोल दाबाने पाठवतो, तिथे ही नळी लावणं म्हणजे आगीला आवतण.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू नका. गाडी ठोके मारते, तापते, प्लग काळा होतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ देऊ नका आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगले-चिरले का ते पाहत चला.

फ्यूज आणि बॅटरी

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार लावतात. फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवायला. चांदी लावली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, तेही सीटखाली आणि टाकीला लागून. फ्यूजच्या डबीत बऱ्याच गाड्यांत एक जादा फ्यूज कंपनीनेच दिलेला असतो, आधी तो पहा. लिहिलेल्या अँपिअरचाच लावा. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर सोलली आहे. उंदराने कुरतडलेली वायर हँडलखाली आणि सीटखाली शोधा, चिकटपट्टी लावा.

बॅटरी बसली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सुरू करता येते, दोन्ही १२ व्होल्टच्या असतात. ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवा. लाल ते लाल जोडा, काळी तार दुचाकीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. ट्रकवरून करू नका, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. ई-स्कूटरची बॅटरी मात्र घरी उघडायचीच नाही.

हळूहळू मारणारे जुगाड

एअर फिल्टर बुजला म्हणून काढून टाकला तर गाडी दोन दिवस पळते. मग धूळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंग घासते आणि धूर सुरू होतो. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, थोडं ऑईल लावून पिळून बसवता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही. तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर हवेनेही उडवायचा नाही, बदलायचाच.

ट्रॅक्टरचं किंवा कारचं ऑईल दुचाकीत टाकू नका. दुचाकीचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, चुकीच्या ऑईलने तो घसरतो. डब्यावर जेएएसओ एमए असा शिक्का पहा. ऑईल मोजताना बऱ्याच गाड्यांत काडीचे आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची असते. पुस्तिकेत पाहून घ्या.

चिखल अडकतो म्हणून मडगार्ड, आणि क्रेट बांधायला अडचण होते म्हणून साडी गार्ड काढू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. पदर आणि ओढणी चाकात जाऊन बायाबापड्यांचे जीव जातात, म्हणून तो केलेला आहे.

कायदा काय म्हणतो

घरापर्यंत बांधलेल्या तारेवरून कोणी चालान करत नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर चालवणं हा कलम १९० खाली वेगळा गुन्हा आहे. अपघात झाला तर पहिला प्रश्न ब्रेकचा निघतो.

डिक्कीत एवढं ठेवा

- १० आणि १२ चा पाना, प्लग पाना, पक्कड, पेचकस
- जादा प्लग, जादा फ्यूज, चेन लॉक, स्क्रू-निपल
- पंक्चर किट आणि छोटा पंप
- बायंडिंग तार हातभर, चिकटपट्टी, रबराची पट्टी, साबणाचा तुकडा
- कोरडं फडकं आणि छोटी टॉर्च

रात्री गाडी दुरुस्त करायची असेल तर आधी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या. हायवेवर कडेला वाकून प्लग काढणाऱ्याला मागून येणारा ट्रक पाहत नाही. झाडाची फांदी किंवा दगड रस्त्यावर ठेवले असतील तर निघताना उचला. कोणाला लागलं असेल तर १०८ ला फोन करा.

आणि घरी पोहोचलात की बांधलेल्या तारेला एक लाल चिंधी बांधून ठेवा. सकाळी गाडी काढताना ती दिसेल. ती चिंधी निघेपर्यंत मागे कोणाला बसवायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मिस्त्रीने सांगितलेलं 'उद्या' म्हणजे तीच सकाळ.